न्यू जर्सीची प्रायमरी जूनमधून अलीकडे का आणत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: एडिसनला राहतो, नागरिकत्व मिळाल्यावर 2024 ला पहिल्यांदाच प्रायमरीत मत दिलं, 4 जूनला बॅलट हातात आलं तेव्हा बायडन आणि ट्रम्प दोघांचं तिकीट 12 मार्चलाच पक्कं झालेलं होतं. मग आम्ही नक्की कशाला गेलो? राज्य सरकार तारीख सरळ फेब्रुवारी-मार्चला का आणत नाही? आणि सगळ्या देशाला एकच तारीख देणारा कुणी निवडणूक आयोग नाहीये का?

मी कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीच्या निवडणूक ऑफिसात बरीच वर्षं काम करते, त्यातलं बरंचसं कॅलेंडर आणि बॅलटचं. आमच्या राज्याने ही तारीख इतक्या वेळा हलवलीय की या विषयावर बोलायला लागले की मला थांबवावं लागतं. तेव्हा उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी शेवटचा प्रश्न, कारण तो सोपा आहे. नाही, आपल्या भारतातल्यासारखा पत्रकार परिषद घेऊन सगळ्या टप्प्यांच्या तारखा जाहीर करणारा आयोग इथे नाही. नोव्हेंबरची मुख्य निवडणूक कधी ते केंद्रीय कायद्यात आहे, पण प्रायमरी ही पक्षाची उमेदवार निवड आहे आणि ती बहुतेक ठिकाणी राज्याच्या पैशाने, राज्याच्या कायद्याने, काउंटीच्या माणसांकडून होते. तारीख राज्याचं विधिमंडळ कायदा करून ठरवतं, गव्हर्नर सही करतो. काही ठिकाणी सेक्रेटरी ऑफ स्टेटला (परराष्ट्रमंत्री नव्हे, राज्यातल्या निवडणुका बघणारा अधिकारी) अधिकार आहे, उदा. जॉर्जिया आणि न्यू हॅम्पशायर. साउथ कॅरोलायनात तर पक्षच तारीख ठरवतात, म्हणून 2024 ला तिथे डेमोक्रॅट्सची 3 फेब्रुवारीला आणि रिपब्लिकनांची 24 फेब्रुवारीला झाली.

आता यातली गोम अशी की तारीख राज्याच्या हातात असली तरी त्या मतदानातून निघणारे डेलिगेट, म्हणजे राज्याचे प्रतिनिधी, उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात बसू द्यायचे की नाही हे राष्ट्रीय पक्षाच्या हातात आहे. सुप्रीम कोर्टाने 1981 ला विस्कॉन्सिनच्या केसमध्ये हे साफ सांगून टाकलं, राज्याने प्रायमरी कशीही घ्यावी, पण तिचा निकाल मानायची सक्ती राष्ट्रीय पक्षावर करता येत नाही. म्हणजे दोन मालक आणि एक दुकान. राज्य म्हणतं आम्ही जानेवारीत घेणार, पक्ष म्हणतो घ्या की, तुमचे डेलिगेट अर्धे.

हे खरंच झालंय, आणि झालं तेव्हा चांगलंच गाजलं. 2008 ला मिशिगनने 15 जानेवारी धरली आणि फ्लोरिडाने 29 जानेवारी. डेमोक्रॅटिक पक्षाने दोघांचेही सगळे डेलिगेट काढून घेतले, रिपब्लिकनांनी अर्धे. उमेदवारांनी तिथे प्रचार करणार नाही असं कबूल केलं, ओबामांनी मिशिगनच्या बॅलटवरून नावच काढून घेतलं, क्लिंटन बाईंनी ठेवलं. त्यांना 55 टक्के मिळाली आणि 40 टक्के लोकांनी 'अनकमिटेड' म्हणजे कुणालाच नाही असं मत दिलं. पुढे दोघांत इतकी चुरस झाली की हे डेलिगेट कुणाचे यावरून 31 मे ला वॉशिंग्टनमध्ये पक्षाच्या नियम समितीची दिवसभर बैठक झाली, बाहेर घोषणाबाजी, आत हमरीतुमरी, आणि शेवटी मिशिगनचे 69 क्लिंटनना आणि 59 ओबामांना, प्रत्येकाचं मत अर्धं. ज्या माणसाचं नावच बॅलटवर नव्हतं त्याला 59! ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात सगळ्यांना पूर्ण मत परत दिलं, कारण तोवर त्याने काही फरक पडणार नव्हता.

लोक हे उदाहरण देऊन म्हणतात की बघा, पक्ष शिक्षा करतो म्हणून राज्यं घाबरतात. मला ते तितकंसं पटत नाही. फ्लोरिडाने 2012 ला पुन्हा 31 जानेवारी धरली, रिपब्लिकन पक्षाने पुन्हा अर्धे डेलिगेट कापले, 99 चे 50 केले, आणि फ्लोरिडाला काहीही वाटलं नाही, कारण उमेदवार आले, जाहिरातींचा पैसा आला, टीव्हीवाले आले. अर्ध्या डेलिगेटांची किंमत त्यांनी आनंदाने मोजली.

मग अडतं कुठे? अडतं राज्याच्या आत. आणि माझं म्हणणं हेच आहे की अध्यक्षाच्या नावाने तारीख हलते, पण ती हलवायची की नाही हे बहुतेक वेळा आमदारांच्या स्वतःच्या निवडणुकीवर ठरतं. राष्ट्रीय बातम्यांत हा भाग दिसत नाही, आमच्यासारख्यांना मात्र पहिल्या दिवशी दिसतो कारण बिल आलं की आम्ही आधी हेच बघतो की फक्त अध्यक्षीय प्रायमरी हलतेय का सगळीच.

कॅलिफोर्नियाचंच घ्या. पूर्वी आमची प्रायमरी जूनच्या सुरुवातीला असायची, तुमच्यासारखीच. 1996 ला ती मार्चमध्ये आणली, 26 मार्च. तोवर रिपब्लिकन बॉब डोल यांचं ठरूनही गेलं होतं. मग 2000 ला 7 मार्च, 2004 ला 2 मार्च. मग 2008 ला 5 फेब्रुवारी. 2012 ला परत जून. 2016 ला जून. 2017 मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केली आणि 2020 ला 3 मार्च, 2024 ला 5 मार्च. आणि हे कमी म्हणून की काय, अध्यक्षाची निवडणूक नसलेल्या वर्षात पुन्हा जूनच ठेवलाय, म्हणजे आमच्याकडे आता दर दोन वर्षांनी प्रायमरीचा महिना बदलतो आणि लोक मार्चमध्ये फोन करून विचारतात बॅलट का आलं नाही.

यातलं 2008 विशेष आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं कॅलिफोर्नियाला ओबामा-क्लिंटनमध्ये आवाज हवा होता. तो हवा होताच, पण त्याच 5 फेब्रुवारीच्या बॅलटवर प्रॉपोझिशन 93 होतं, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव, आमदारांच्या कारकिर्दीच्या मर्यादेचे नियम बदलणारं. ते फेब्रुवारीत पास झालं असतं तर मुदत संपत आलेल्या नेत्यांना जूनच्या आपल्या प्रायमरीत पुन्हा उभं राहता आलं असतं. म्हणून अध्यक्षीय प्रायमरी फेब्रुवारीला आणि राज्याची जूनला, दोन वेगवेगळ्या. मतदारांनी 93 पाडलं. राहिला काय, तर दोनदा निवडणूक घेतल्याचा खर्च, दहा कोटी डॉलरच्या आसपास. 2011 ला परत सगळं जूनला नेताना हाच खर्चाचा मुद्दा पुढे केला गेला.

फ्लोरिडाच्या 2008 च्या कायद्यातही असंच गुंतलेलं होतं. 2007 मध्ये तारीख अलीकडे आणणाऱ्या बिलातच टचस्क्रीन मशिनं काढून कागदी बॅलट आणायची तरतूद होती, 2000 च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिथे फेरमोजणीवरून झालेली पंचाईत सगळ्यांच्या लक्षात होती, त्यामुळे डेमोक्रॅट आमदारांनाही विरोधात जाणं अवघड. आणि त्याच 29 जानेवारीला मालमत्ता कराची घटनादुरुस्ती मतदानाला ठेवली होती, म्हणजे डेलिगेट असोत नसोत, लोक येणारच होते.

आता तुमच्या न्यू जर्सीकडे. तुम्हाला कदाचित माहीत नसेल, तुमच्या राज्याने हे करून बघितलंय! 2008 ला न्यू जर्सीची अध्यक्षीय प्रायमरी 5 फेब्रुवारीला झाली, बाकीची सगळी, म्हणजे सिनेट, काँग्रेस वगैरे, 3 जूनला. फेब्रुवारीत डेमोक्रॅट्समध्ये क्लिंटन जिंकल्या आणि रिपब्लिकनांत मॅकेन. पण त्या एका मंगळवारी वीसहून जास्त राज्यांत मतदान होतं, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, इलिनॉय सगळे. एकाच मुहूर्तावर अख्ख्या गावाने लग्न काढावं आणि मग आमच्याकडे पंगतीला कुणी आलं नाही म्हणून रडावं, तसं झालं. उमेदवार विमानतळावर उतरायचे, हँगरमध्येच सभा घ्यायचे आणि पुढच्या राज्यात. 2011 मध्ये गव्हर्नर ख्रिस्ती यांनी सही करून ते परत जूनला नेलं, कारण तेच, दोन निवडणुकांचा खर्च.

आणि त्या 2008 मध्ये खरी मजा कुणाला आली? जे हलले नाहीत त्यांना. पेनसिल्व्हेनिया 22 एप्रिलला होती, आधीची मिसिसिपी 11 मार्चला, मधले सहा आठवडे दोन्ही उमेदवार पेनसिल्व्हेनियात तळ ठोकून होते, ओबामा आल्टूनाच्या बोलिंग ॲलीत बॉल गटारात टाकत होते. मग 6 मे ला इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलायना. इंडियानात 1968 नंतर कुणी इतक्या गंभीरपणे आलंच नव्हतं. 2016 लाही इंडियाना 3 मे ला होती, त्याच रात्री ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी क्रूझ यांनी माघार घेतली.

उलट बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी सांगते. त्याच 2016 ला 7 जूनला कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत मतदान होतं आणि आदल्या संध्याकाळी, 6 जूनला, एपी या वृत्तसंस्थेने डेलिगेट मोजून हिलरींचं तिकीट नक्की झाल्याची बातमी दिली. आमच्या ऑफिसातले फोन! आता यायचं की नाही, बॅलट टपालात टाकलंय ते मोजणार का, त्यांचे प्रतिस्पर्धी सँडर्स यांचे समर्थक संतापलेले. तुमचे ख्रिस्ती तर दोनदा उभे राहिले, 2016 ला फेब्रुवारीत आणि 2024 ला 10 जानेवारीला बाहेर पडले, म्हणजे गव्हर्नर असतानाही आणि माजी झाल्यावरही त्यांना स्वतःच्या राज्यातल्या मतदानापर्यंत शर्यतीत टिकताच आलं नाही. तेव्हा तुमची तक्रार चूक नाहीच. फक्त तारीख अलीकडे आणली की आवाज मिळतो हे गणित बरोबर नाही, कारण तुम्ही कुठे उभे आहात हे बाकीचे कुठे उभे राहतात त्यावर ठरतं, आणि ते तुम्हाला दीड वर्ष आधी, कायदा करताना, कळत नाही.

सुपर ट्युसडे, म्हणजे एकाच मंगळवारी अनेक राज्यांची प्रायमरी, याचा जन्मच या चुकीच्या हिशेबातून झालाय असं म्हटलं तरी चालेल. 8 मार्च 1988 ला दक्षिणेकडच्या राज्यांनी एकत्र येऊन एकच दिवस धरला, हेतू असा की डेमोक्रॅट्सचा कुणीतरी मध्यममार्गी, दक्षिणेला चालणारा उमेदवार पुढे यावा. झालं काय, दक्षिणेची मतं अल गोर आणि जेसी जॅक्सन यांच्यात वाटली गेली, आणि उत्तरेतल्या मॅसॅच्युसेट्सचे उदारमतवादी डुकाकिस टेक्सास आणि फ्लोरिडा घेऊन गेले. ज्या माणसाला अडवायला हे सगळं उभं केलं त्याच्यासारखाच माणूस पुढे आला.

सगळ्यात पहिलं कोण हा वाद वेगळाच आणि त्यात तर्काला फारशी जागा नाही. न्यू हॅम्पशायर 1920 पासून पहिली प्रायमरी घेतं. मूळ कारण अगदी घरगुती, मार्चमध्ये गावसभा भरायच्याच, त्याच दिवशी मतदान उरकलं की हॉल दोनदा तापवायला नको. नंतर त्याची अस्मिता झाली आणि कायदा झाला की दुसऱ्या कुठल्याही तशा निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी आमची. तारीख ठरवायचा अधिकार सेक्रेटरी ऑफ स्टेटला. बिल गार्डनर या पदावर 1976 पासून 2022 पर्यंत होते आणि तारीख शेवटपर्यंत खिशात ठेवायचे. 2011 मध्ये नेवाडाने 14 जानेवारी धरली तेव्हा ते सरळ म्हणाले की मग मी डिसेंबरात घेतो! नेवाडा मुकाट्याने 4 फेब्रुवारीला गेलं. 2024 ला डेमोक्रॅटिक पक्षाने साउथ कॅरोलायनाला पहिलं केलं, न्यू हॅम्पशायरने ऐकलं नाही, 23 जानेवारीला मतदान घेतलंच, बायडन यांनी नावच दिलं नाही आणि लोकांनी बॅलटवर हाताने नाव लिहून त्यांना जिंकवलं. पक्षाच्या पत्रात त्या मतदानाला अर्थहीन म्हटलं म्हणून राज्याच्या अटर्नी जनरलने पक्षाला नोटीस पाठवली. मला यात न्यू हॅम्पशायरबद्दल थोडं कौतुकच वाटतं, खोटं कशाला बोलू.

बरं, आता माझ्या टेबलावरचं. तारीख हलवणं म्हणजे बाहेरच्यांना एक दिवस हलवल्यासारखं वाटतं. आमच्याकडे भिंतीवर निवडणुकीच्या दिवसापासून उलटं मोजलेलं कॅलेंडर असतं, ई-88, ई-45, ई-29 असं. 5 मार्च 2024 धरा. आमदार, काउंटी सुपरवायझर, न्यायाधीश यांचे अर्ज ई-88 ला बंद, म्हणजे 8 डिसेंबर. अध्यक्षपदाचे कोण कोण बॅलटवर ते सेक्रेटरी ऑफ स्टेट त्याच सुमारास जाहीर करतात. मग बॅलटचा मजकूर, भाषांतरं, प्रूफ, हे सगळं ख्रिसमस आणि न्यू इयरच्या मध्ये. केंद्रीय कायदा 2009 पासून सांगतो की सैन्यातल्या आणि परदेशात असलेल्या मतदारांना बॅलट 45 दिवस आधी गेलंच पाहिजे, म्हणजे 20 जानेवारी. बाकी सगळ्यांना टपालाने ई-29 पर्यंत, म्हणजे 5 फेब्रुवारी. परदेशी बॅलट 20 तारखेला गेली आणि 21 ला रिपब्लिकन उमेदवार डिसँटिस यांनी माघार घेतली. ख्रिस्ती 10 ला, रामस्वामी 15 ला बाहेर पडलेले. तिघांचीही नावं छापलेली, आता काढता येत नाहीत. दर वेळी कुणीतरी काउंटरवर येऊन विचारतो की हे मेलेले घोडे बॅलटवर कशाला, आणि आपण हसून सांगायचं की छापखाना जानेवारीच्या सुरुवातीला बंद होतो हो.

2020 ला याहून वाईट. डेमोक्रॅट्समधून 1 मार्चला बुटिजेज, 2 मार्चला क्लोबुचार बाहेर, 3 ला मतदान. टपालाने आधीच मत दिलेले लोक चिडलेले, दुसरं बॅलट द्या म्हणून. एकदा आत आलेलं मत परत मिळत नाही.

त्यात अध्यक्षीय प्रायमरी म्हटली की प्रत्येक पक्षाचं वेगळं बॅलट. आमच्याकडे बाकीच्या जागांना सगळे उमेदवार एकाच यादीत असतात, पण अध्यक्षपदाला पक्षाप्रमाणे. ज्यांनी नोंदणी करताना पक्ष लिहिलेला नाही त्यांना आधी पोस्टकार्ड पाठवायचं, डेमोक्रॅटचं बॅलट हवं असेल तर कळवा, रिपब्लिकनचं हवं असेल तर पक्षात नोंदणी करा. निम्मे लोक ते कार्ड रद्दीत टाकतात आणि मग मतदानाच्या दिवशी येऊन भांडतात. इतके पक्ष गुणिले इतके मतदारसंघांचे तुकडे गुणिले इतक्या भाषा, एवढ्या प्रकारची बॅलट तपासायची. हे काम तारीख तीन महिने अलीकडे आली की तीन महिने अलीकडे येतं, आणि कायदा उशिरा झाला तर मधला वेळ आमच्या झोपेतून कापला जातो.

न्यू यॉर्कचं ऐकाल तर आमचं बरं म्हणाल. तिथे या 45 दिवसांच्या नियमामुळे कोर्टाने काँग्रेसची प्रायमरी जूनला नेली, राज्याची सप्टेंबरलाच राहिली, अध्यक्षाची एप्रिलला. 2012 आणि 2016 ला एकाच वर्षात तीन प्रायमरी! 2019 ला कुठे राज्याची आणि काँग्रेसची एकत्र केली. याउलट मिशिगनने दोन वेगळ्या ठेवल्यात आणि त्याची त्यांना सवय आहे, अध्यक्षाची वर्षाच्या सुरुवातीला, बाकीची ऑगस्टमध्ये. आपले बेळगावचे श्री ठाणेदार 2018 ला गव्हर्नरच्या प्रायमरीत तिसरे आले ती ऑगस्टचीच, आणि 2022 ला डेट्रॉइटमधून काँग्रेसचं तिकीट जिंकले तीही ऑगस्टचीच. तिकडच्या मराठी मंडळींना विचारा, फेब्रुवारीतल्या बर्फात मत दिलेल्यांतले कित्येक जण ऑगस्टमध्ये सुट्टीवर असतात.

त्याच मिशिगनने 2024 ला 27 फेब्रुवारी धरली तेव्हाही काय कसरत. कायदा झाला, गव्हर्नर व्हिटमर यांनी सही केली, पण रिपब्लिकनांनी तो लगेच लागू व्हायला लागणारं दोन तृतीयांश मतदान दिलं नाही. मग अधिवेशन संपल्यावर 90 दिवस मोजायचे. डिसेंबरअखेर संपवलं असतं तर कायदा मार्चअखेरीला लागू, म्हणजे काहीच उपयोग नाही. म्हणून विधिमंडळाने 14 नोव्हेंबरलाच दुकान बंद केलं. आणि रिपब्लिकन पक्षाच्या नियमाप्रमाणे 1 मार्चच्या आधी चालत नाही, म्हणून त्यांनी काही डेलिगेट 27 फेब्रुवारीच्या प्रायमरीतून आणि बाकीचे 2 मार्चच्या मेळाव्यातून काढले.

आयडाहोची गोष्ट तर आमच्या धंद्यात नवीन पोरांना सांगतात. 2023 ला त्यांना मार्चची अध्यक्षीय प्रायमरी मे महिन्यातल्या प्रायमरीला जोडायची होती, पैसे वाचवायला. बिलात मार्चची काढून टाकली, मे मध्ये घालायची राहिली. लक्षात आलं, दुरुस्तीचं बिलही आलं, पण दोन्ही सभागृहांचं जमलं नाही आणि सगळे घरी गेले. झालं, 2024 ला आयडाहोत अध्यक्षीय प्रायमरीच नाही! पक्षांना स्वतःचे कॉकस घ्यावे लागले, रिपब्लिकनांचा 2 मार्चला, डेमोक्रॅट्सचा 23 मे ला. आणि कॉकस म्हणजे ठरलेल्या वेळी प्रत्यक्ष जाऊन बसणं, रात्रपाळीवाला नर्स किंवा घरी लहान मूल असलेली बाई गेलीच नाही.

2024 लाच पेनसिल्व्हेनियाची तारीख 23 एप्रिल होती, ज्यूंच्या पासओव्हर सणाचा पहिला दिवस. हलवायला हवी यावर सगळ्यांचं एकमत, कुठे न्यायची यावर नाही, शेवटी 23 लाच झाली. मेरीलँडचाही तोच दिवस होता, त्यांनी वेळेत कायदा करून 14 मे ला नेली. फरक फक्त कुणी आधी हात घातला एवढाच.

आणि ऐनवेळी हलवणं, ते तर बघवत नाही. 2020 च्या मार्चमध्ये कोविड आला, ओहायोत 17 मार्चला मतदान होतं, 16 च्या रात्री आरोग्य संचालकांच्या आदेशाने केंद्रं बंद. केंद्रावर काम करणारे लोक झोपताना जायचंय असं समजून झोपले. विस्कॉन्सिनमध्ये उलटं, गव्हर्नर पुढे ढकलायला निघाले, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने आदल्या दिवशी रोखलं, 7 एप्रिलला मतदान झालंच, मिलवॉकीत 180 च्या जागी 5 केंद्रं आणि मास्क लावून रस्त्याच्या टोकापर्यंत रांगा. लुइझियानाने दोनदा ढकलली, जॉर्जियाने दोनदा. तुमची 2 जूनची 7 जुलैला गेली.

टेक्सासची 2012 ची गंमत तेवढी सांगते आणि मूळ मुद्द्यावर येते. मतदारसंघांच्या नकाशांवरच्या खटल्यामुळे त्यांची 6 मार्चची प्रायमरी आधी एप्रिलला आणि मग 29 मे ला गेली. अध्यक्षाचं तोवर रॉम्नी म्हणून ठरलं होतं, तो विषय संपलेला. पण सिनेटच्या शर्यतीत एक फारसा माहीत नसलेला वकील होता, त्याला ओळख वाढवायला जवळजवळ तीन महिने जास्तीचे मिळाले, दुसरा आला, 31 जुलैच्या फेरमतदानात जिंकला. टेड क्रूझ. मार्चमध्ये झाली असती तर चित्र वेगळं असतं असं टेक्सासमधले बरेच जण मानतात, मीही मानते. अध्यक्षासाठी ठरवलेल्या तारखेने कोण घडतं बघा.

तर न्यू जर्सी. मार्चमध्ये सगळंच आणायचं तर उमेदवारी अर्ज, जे 2024 ला 25 मार्चला भरले गेले, ते नाताळच्या आठवड्यात भरावे लागतील. नवख्या माणसाला सह्या गोळा करायला डिसेंबरची थंडी, आणि आधीच पदावर बसलेल्याला काहीच त्रास नाही. म्हणून असं बिल आलं तर त्यात आधी हे बघा की ते पदावर बसलेल्यांना सोयीचं आहे का. फक्त अध्यक्षाची मार्चला आणायची तर दोन निवडणुका, 2008 सारखं. मला विचाराल तर दोन करू नयेत. त्यापेक्षा सगळीच एप्रिलअखेर न्यावी, शेजाऱ्यांबरोबर. 26 एप्रिल 2016 ला पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, कनेक्टिकट, डेलावेअर आणि ऱ्होड आयलंड एकत्र होते आणि त्या आठवड्यात सगळे उमेदवार याच पट्ट्यात फिरत होते. डेमोक्रॅटिक पक्ष उशिरा घेणाऱ्यांना आणि शेजारी मिळून घेणाऱ्यांना जास्तीचे डेलिगेटही देत आलाय. पण हे होईल असं वाटत नाही, कारण तुमच्याकडे विधिमंडळाच्या निवडणुका विषम वर्षात असतात, अध्यक्षाच्या वर्षात आमदारांचं स्वतःचं काही पणाला नसतं, मग कोण कशाला हलवेल.

आणि जूनचं बॅलट अगदीच वाया गेलं असं समजू नका. 2024 ला तुम्ही ज्या कागदावर अध्यक्षाचं बघून वैतागलात त्याच कागदावर सिनेटचं तिकीट होतं, अँडी किम यांनी ते त्याच दिवशी घेतलं. त्यांच्याच खटल्यात 29 मार्चला कोर्टाने पक्षाच्या पसंतीच्या उमेदवारांना एका ओळीत लावायची जुनी पद्धत डेमोक्रॅट्सच्या बॅलटपुरती थांबवली, आणि काउंटी क्लार्क लोक कोर्टात सांगत होते की एवढ्या थोड्या दिवसांत सगळी बॅलट नव्याने मांडणं अशक्य आहे. त्यांनी मांडली. ते आठवडे त्यांनी कसे काढले असतील ते मला विचारू नका, मला डोळ्यासमोर दिसतात.

तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, कारण याच्यावरून लोक दरवेळी अडकतात: तुमच्याकडे ज्याने पक्ष नोंदवलेला नाही तो प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देऊ शकतो. पण ज्याचा पक्ष आधीच नोंदलेला आहे आणि दुसऱ्याच्या प्रायमरीत जायचंय, त्याने फॉर्म 55 दिवस आधी दिलेला पाहिजे. जूनच्या प्रायमरीला ते एप्रिलच्या सुरुवातीला येतं. त्या सुमाराला बहुतेकांचं लक्ष टॅक्स रिटर्नमध्ये असतं, तेव्हा दोन्ही एकत्रच उरकून टाका.